सगळं वाचलंय

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी ही वही लिहायला लावली. गोळी वाढवायची नसेल तर रोज डोक्यातलं कागदावर उतरवा म्हणाले, झोप लागेल. मी म्हटलं, "माझ्या डोक्यातलं कागदावर उतरलं तर वाचून तुमची झोप उडेल." हसले नाहीत. हल्ली माझ्या बोलण्यावर कुणी हसतच नाही. बायको म्हणते, पंचवीस वर्षं झाली, आता काहीतरी नवीन बोला.

तर काय लिहू? काम लिहितो, दुसरं आहे काय. आमचं ऑफिस मोठ्या कंपन्यांच्या शाखांमध्ये चालणारा एक प्रोग्राम बनवतं. त्याची नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाण्याआधी तपासायची, ही माझी जबाबदारी. माझी एक स्क्रिप्ट आहे, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने करायच्या कामांची यादी. ती रात्री एका भल्यामोठ्या सर्व्हरच्या पोटात चाळीस व्हर्च्युअल मशीन जन्माला घालते, म्हणजे चाळीस खोटे खोटे कॉम्प्युटर. दुरूनच प्रत्येकात लॉगिन करते, नवी आवृत्ती बसवते, तपासते, निकाल लिहिते आणि मशीन मोडून टाकते. सकाळी मी चहाचा कप घेऊन बसतो तेव्हा समोर चाळीस हिरवे दिवे. दहा वर्षं हे चाललंय. साहेब पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवतात.

आमच्या विभागात माणसं दोन. एक मी. दुसरी जूनमध्ये आलेली एक मुलगी. तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणतात, नाव मीच पाडलंय. कारण विचारायला नको. सहा महिने प्रोबेशनवर आहे, ते या महिन्याच्या अखेरीला संपतात. कायम करायचं की नाही हे माझ्या शेऱ्यावर आहे. मुलगी तशी हुशार आहे. कन्फर्म झाली की आईला इकडे आणणार म्हणते, आईचे गुडघे गेलेत, म्हणून तळमजल्याची खोलीसुद्धा बघून ठेवली आहे. मी म्हटलं, आधी प्रश्न कमी कर, मग खोली बघ.

विभागात नियम एकच, तोही माझा. दुसऱ्याने वाचून मंजुरी दिल्याशिवाय एकही ओळ स्क्रिप्टमध्ये जायची नाही. तिचं मी वाचतो, माझं ती वाचते.

दोनच पानं लिहिली आणि हात दुखला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चाळीसपैकी चार टेस्ट लाल. गेला आठवडाभर हीच कटकट. चारही ठिकाणी रडगाणं तेच: लॉगिन झालं, काम सुरू झालं आणि मध्येच कनेक्शन तुटलं. पुन्हा चालवलं तर हिरवं. तिसऱ्यांदा चालवलं तर दुसऱ्याच चार लाल.

प्रश्नपत्रिका खुर्ची ओढून बसली. "सर, आपण आत शिरतो तेव्हा ते मशीन आपलंच आहे हे कसं कळतं आपल्याला?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपण नेटवर्कवरचा पत्ता बघून शिरतो. त्या पत्त्यावर दुसरंच कुणी बसलं असेल तर?"

"अगं, मशीन आपणच जन्माला घातलं, पत्ता आपणच दिला. दुसरं कोण येऊन बसणार तिथे, तुझा मामा?"

ती हसली, पण उठली नाही. प्रत्येक मशीन जन्मताना स्वतःचा एक ठसा तयार करतं. लॉगिन करताना तो ठसा जुळतो का हे बघायची सोय असते, जुळला नाही तर बाहेरच थांबायचं. आमच्या स्क्रिप्टमध्ये ती सोय बंद आहे. कुणीतरी कधीतरी बंद केलेली आहे. रोज चाळीस नवी मशीन, रोज चाळीस नवे ठसे, कोण जुळवत बसणार? मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "मी करून बघू का?" म्हटलं, कर बाई.

संध्याकाळी तिने काहीतरी वाचायला पाठवलंही. बघू सवडीने.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रोग सापडला. मशीन जागं व्हायच्या आत आपण दार ठोठावतो, दुसरं काही नाही. लॉगिनच्या आधी तीस सेकंद थांबायचो, आता नव्वद थांबायचं. तरी कनेक्शन तुटलं तर पुन्हा जायचं, तीनदा. दोन आकडे बदलले की झालं. प्रश्नपत्रिकेने दहा मिनिटांत वाचून मंजुरी दिली. खाली लिहिलं होतं, "सर, याने लक्षण जाईल, कारण जाईल का?" प्रश्न नाही तर ती कसली!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चाळीस हिरवे. चाळीसच्या चाळीस! साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण माणूस कदर करणारा. "तुम्ही आहात म्हणून आम्ही निवांत," म्हणाले.

घरी बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात हयात गेली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तीनदा दार ठोठावता, आणि कुणीही उघडलं तरी आत जाऊन बसता?" म्हटलं, तुला नाही कळायचं. "नसेल कळत," म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगळं हिरवं. तरी प्रश्नपत्रिकेचं तोंड वाकडं. सकाळी कागद घेऊन आली. "सर, हे बघा ना. हे सतरा नंबरचं मशीन. रात्री जन्मलं, पाच मिनिटांनी आपण आत गेलो, आणि ते सांगतंय की मी अकरा दिवसांपासून चालू आहे."

"घड्याळ चुकलं असेल. खोट्या मशीनची घड्याळंही खोटीच."

"मग बाकीच्या एकोणचाळीसांची बरोबर कशी?"

मला तिसऱ्या मजल्यावर मीटिंग होती. आणि खरं सांगायचं तर डोकं सणकलं. एवढं सगळं हिरवं दिसत असताना हिला लाल कशाला हवं? मी म्हटलं, "बाळा, चालणाऱ्या गाड्याला खीळ घालू नये. शुक्रवारी आवृत्ती जायची आहे." ती म्हणाली, "हो सर. मी पाठवलंय त्यात हेही लिहिते. तुम्ही वाचा फक्त."

वाचतो. वाचायचंच आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वाचायला आलेल्या बदलांची रांग एकोणीसवर गेली. तिच्या एवढ्या सूचना यायला लागल्या की मेल उघडवत नाही. म्हणून तिची सगळी मेल आपोआप एका बाजूच्या फोल्डरमध्ये जातील असं करून ठेवलं. आता टेबल कसं स्वच्छ दिसतं. शुक्रवारनंतर एक दिवस बसून सगळ्यांचा फडशा पाडीन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आवृत्ती गेली. चाळीस हिरवे. साहेबांनी सगळ्यांना केक दिला. प्रश्नपत्रिकेने घेतला नाही, पोट बरं नाही म्हणाली. काल संध्याकाळी दोनदा माझ्या दारापाशी येऊन गेली होती, मी फोनवर होतो.

झोप छान लागते आहे. डॉक्टरांचा तोडगा चालला म्हणायचा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता कुठे घरी आलो.

आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाच्या बासष्ट शाखा. शनिवार-रविवारी त्यांनी नवी आवृत्ती बसवली. आज सकाळी मशीन सुरू केली आणि एकाही शाखेत कुणाला आत शिरता येईना. काउंटरवर माणसं बसलेली, समोर रांगा, आणि पडद्यावर एकच ओळ, प्रवेश नाकारला. दुपारी तीनपर्यंत बासष्ट शाखा ठप्प. आवृत्तीत दोष होता, मशीन बंद करून चालू केलं की कुलूप लागत होतं. हे टेस्टमध्ये दिसायलाच हवं होतं. त्याचीच तर टेस्ट आहे, सतरा नंबरची. ती हिरवी होती. माझ्या डोळ्यांनी पाहिली.

साहेब पहिल्यांदाच माझ्याशी आवाज चढवून बोलले. बुधवार संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवाय. आमच्याकडे छापील नमुना आहे, त्यात 'मूळ कारण' अशी एकच चौकट. दोन कारणं लिहिली तर परत येतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नेटवर्कवाल्याकडे जाऊन बसलो. तो म्हणाला, "तुमच्या विभागानेच तर ऑक्टोबरात पत्त्यांचं वाटप बदललं. आधी एकदा दिलेला पत्ता बरेच दिवस दुसऱ्या मशीनला मिळायचा नाही. आता तासाभरात मोकळा करून पुढच्याला देतात." कुणी बदललं? यादी काढली. सत्तावीस ऑक्टोबर. प्रश्नपत्रिका.

आणि लाल दिवे कधी सुरू झाले? त्याच आठवड्यात.

माझा जीव भांड्यात पडला हे इथे कबूल करतो. नेटवर्कवाला म्हणाला, "पण मीच मागितलं होतं ते तिच्याकडे, पत्ते कमी पडत होते. आणि मंजुरी तुमची दिसतेय." मंजुरी माझी आहे, बरोबर. आता माणूस प्रत्येक ओळ कुठे वाचत बसणार! बदल ज्याने केला त्याने परिणाम बघायला नकोत?

१९ नोव्हेंबर, बुधवार

रिपोर्ट दिला. मूळ कारण: पत्त्यांच्या वाटपात पुरेसा विचार न करता केलेला बदल.

साहेबांनी त्यासोबत प्रोबेशनचा फॉर्मही पुढे सरकवला. "हेही आजच उरका." म्हणाले, ग्राहक विचारतोय काय कारवाई केली. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं, "कामात सावधगिरी कमी. कायम करण्याची शिफारस करता येत नाही." लिहिताना बरं वाटलं नाही. पण रिपोर्टात एक आणि फॉर्मात दुसरं कसं लिहिणार? दोन्हीखाली माझीच सही.

पाच वाजता ती दारात आली. रिपोर्ट तिलाही गेला होता. चेहरा उतरलेला.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"मी पाठवलं होतं ते... तुम्ही वाचलंत का?"

त्या फोल्डरमध्ये आता तीसएक तरी असतील. त्यातलं कुठलं म्हणतेय हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायची ही वेळ नव्हती. मी म्हटलं, "सगळं वाचलंय."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "ठीक आहे, सर." आणि गेली. उलटा प्रश्न नाही, काही नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा. पोरीला चूक कळली म्हणायची.

२३ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. तिचीही पहिलीच नोकरी, तिकडे लांब. रडवेली झाली होती. चार दिवस बसून केलेलं काम तिच्या वरिष्ठाने न उघडताच बाजूला टाकलं म्हणे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "असल्या माणसांना खुर्चीवर बसवतात कोण? सरळ तोंडावर विचार त्याला, वाचलंत का म्हणून!" ती म्हणाली, "बाबा, विचारलं तर वाचलं म्हणून सांगतील. मग मी काय करू?"

मी म्हटलं, आईशी बोल. फोन बायकोकडे दिला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तिचा शेवटचा दिवस. सगळे उगाच आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले होते. तिने टेबल पुसलं, ड्रॉवर रिकामा केला, किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "सर, तुमचा नियम मी कायम लक्षात ठेवीन. दुसऱ्याने वाचल्याशिवाय काही आत घालायचं नाही." मला बरं वाटलं. म्हणजे राग धरला नाही तिने. मी विचारलं, "आणि खोलीचं काय केलंस?" म्हणाली, "ती दिली त्यांनी दुसऱ्याला. मीच जाते आता आईकडे."

मी तिला पायऱ्यांपर्यंत सोडायला गेलो. पिशवी घेऊ का म्हटलं, नको म्हणाली.

१ डिसेंबर, सोमवार

पत्त्यांचं वाटप पूर्वीसारखं करून आठवडा होऊन गेला. तरी आज एक टेस्ट लाल. चाराची एक झाली म्हणून साहेब खूश. मला मात्र ती एक खुपते आहे. कारण गेलं तर लक्षण एक तरी का उरावं? हा तिचाच प्रश्न झाला की.

२ डिसेंबर, मंगळवार

आज स्क्रिप्ट बाजूला ठेवली. सतरा नंबरचं मशीन जन्माला घातलं आणि त्याच्या पत्त्यावर स्वतः, हाताने, दुरून लॉगिन केलं. कित्येक वर्षांत केलं नव्हतं. आत गेलो आणि साधा प्रश्न टाकला, तुझं नाव काय?

त्याने दुसरंच नाव सांगितलं. ऑक्टोबरातलं.

विचारलं, कधीपासून चालू आहेस? तेहतीस दिवस.

मी स्क्रिप्ट उघडली आणि ओळ न् ओळ वाचून काढली. मशीन मोडायची पायरी कधीकधी फसते. फसली तरी स्क्रिप्ट काही न बोलता पुढे जाते, तशीच लिहिली आहे. मग ते जुनं मशीन कुणाच्या हिशेबात नाही, पण जिवंत, आपला पत्ता धरून बसून राहतं. तोच पत्ता उद्या नव्याला मिळतो. एका पत्त्यावर दोघं. आपण दार ठोठावतो, कधी नवं उघडतं, कधी जुनं, कधी दोघांच्या ओढाताणीत कनेक्शन तुटतं. आणि माझे ते नव्वद सेकंद आणि तीन फेऱ्या! त्याने एवढंच झालं की कुणीतरी दार उघडेपर्यंत ठोठावत राहिलो. आवृत्ती बसवली नव्यात, मध्ये कनेक्शन तुटलं, पुढच्या फेरीत जुन्याने उघडलं की आत जाऊन त्यातली जुनी आवृत्ती तपासायची आणि नवीचा दिवा हिरवा करायचा. बासष्ट शाखांना जी आवृत्ती गेली तिची सतरावी टेस्ट नव्या आवृत्तीवर कधी झालीच नव्हती.

ठसा जुळवायची सोय चालू असती तर पहिल्याच दिवशी आरडाओरड झाली असती. कुणी बंद केली ती? जुना इतिहास उघडला. सहा वर्षांपूर्वीचा मार्च. ओळीशेजारी शेरा आहे: "तात्पुरतं. नंतर काढणे." आणि बदल करणाऱ्याचं नाव माझं.

मशीन मोडायची ती ओळसुद्धा माझीच.

जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पोट जड आहे.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. म्हटलं, निदान दुरुस्ती तरी आज होऊ दे. जन्माच्या वेळी मशीनचा ठसा टिपून ठेवायचा, लॉगिन करताना जुळवायचा, जुळला नाही तर थांबायचं. फार नाही, चार-पाच ओळी. लिहिल्या आणि मंजुरीसाठी टाकायला गेलो. टाकायला गेलो तेव्हा आठवलं की आता माझं वाचायला कुणी नाही.

आणि तेवढ्यात पडद्यावर सूचना आली. याच ओळींमध्ये केलेला दुसरा एक बदल मंजुरीसाठी थांबलेला आहे. तारीख चार नोव्हेंबर.

उघडला. चार ओळी होत्या. माझ्या पाच होत्या, तिच्या चारच, आणि माझ्यापेक्षा नीटनेटक्या. वर तिने समजावून लिहिलं होतं. जुनी मशीन मागे कशी उरतात, एका पत्त्यावर दोघं कशी येतात, सगळं. दहा तारखेला खाली सतरा नंबरच्या मशीनचे अकरा दिवस जोडले होते. पत्त्यांच्या तिने केलेल्या बदलामुळे हे वाढलंय हेही स्वतःहून लिहिलं होतं: "हे माझ्या बदलामुळे उघडं पडलं आहे, मी आधी बघायला हवं होतं." आणि शेवटी, "सर, तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत घालत नाही. सवडीने बघा."

त्याखाली तेरा नोव्हेंबरची एक ओळ. "सर, उद्या आवृत्ती जाते आहे. त्याआधी एकदा बघाल का?"

तेरा तारखेला ती दोनदा माझ्या दारापाशी आली होती. मी फोनवर होतो. खरं म्हणजे फोन ठेवून झाला होता, मी कानाला तसाच धरून ठेवला होता. तेव्हा लिहिलं नाही इथे, आज लिहितो.

तिला वाटलं असतं तर ती सरळ साहेबांकडे जाऊ शकत होती. चार ओळी गुपचूप आत घालणंही तिला अवघड नव्हतं, स्क्रिप्टच्या किल्ल्या तिच्याकडेही होत्या. नियमाला धरून राहिली. माझ्या नियमाला.

बदलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याची स्थिती येते. तिथे लिहिलं होतं, 'वाचलेले नाही'. मी उघडलं तसं ते माझ्या डोळ्यांदेखत बदललं.

माझ्या ओळी पुसल्या. तिच्या मंजूर केल्या. मंजुरीचं मेल तिला आपोआप गेलं आणि मिनिटात परत आलं, असा पत्ता अस्तित्वात नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

साहेबांना सगळं सांगितलं. उभ्यानेच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग दार लावलं. "ग्राहक शांत झालाय. रिपोर्ट बंद झालाय. आता उकरून काय मिळणार?" म्हटलं, "तिचं नाव आहे त्यात." म्हणाले, "अहो, तिचं नाव कुठे आहे? 'बदल' असं लिहिलंय तुम्ही." म्हटलं, "आणि फॉर्म?" त्यावर म्हणाले, जागा भरली, नवा मुलगा सोमवारपासून येतोय. वर म्हणाले, तब्येतीला जपा.

टेबलावर येऊन नवा रिपोर्ट लिहिला. मूळ कारणाच्या चौकटीत माझं नाव घातलं, सहा वर्षांपूर्वीची ओळ घातली आणि चार नोव्हेंबरपासून न वाचलेली दुरुस्तीही घातली. एकच कारण लिहायचं असतं, मी तीन लिहिली. परत यायचा तर येऊ दे. ज्यांना पहिला गेला होता त्या सगळ्यांना पाठवला. साहेबांनी संध्याकाळभर माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने "मी म्हटलं होतं" असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तिला फोन केलात का?"

५ डिसेंबर, शुक्रवार

नाही केला. तीनदा नंबर काढला.

६ डिसेंबर, शनिवार

केला. तिच्या आईने उचलला. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "अगं बाई, सर का? तुमच्याबद्दल फार सांगते ती. थांबा हं, देते." मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

ती आली. "सर? बरे आहात ना?"

काय काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. तो कागद हातातच राहिला. मी म्हटलं, "तुझा तो चार तारखेचा बदल..."

"हो सर," ती घाईने म्हणाली, "मीच तुम्हाला फोन करणार होते त्यासाठी, पण धीर झाला नाही. तुम्ही वाचून बाजूला ठेवलात म्हणजे त्यात काहीतरी मोठं चुकलेलं असणार. मी रोज काढून बसते ते. इथे जुन्या कॉम्प्युटरवर दोन खोटी मशीन करून शंभर वेळा चालवून बघितलं. मला चूक सापडत नाहीये, सर. आता परवा एका ठिकाणी मुलाखत आहे, तिथे विचारलं तर काय सांगू? एवढं सांगा ना, त्यात चूक काय होती?"

मागे तिची आई कुणाशी तरी बोलत होती, नळ चालू होता.

मी म्हटलं, "काही चूक नव्हती. मी वाचलंच नव्हतं."

तिने आईला नळ बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "पण तुम्ही म्हणालात..."

"खोटं बोललो."

आणखी पुष्कळ बोललो मग. सहा वर्षांपूर्वीची ओळ सांगितली, नवा रिपोर्ट सांगितला, मुलाखतीला लागेल तसं पत्र देतो म्हणालो, माफी मागितली. ती हं, हं करत होती. मला वाटतं, तिने त्यातलं फारसं ऐकलं नाही.

शेवटी म्हणाली, "म्हणजे बरोबर होतं ते?"

"बरोबर होतं. बुधवारपासून तेच चालू आहे. तुझ्या नावाने."

"बरं झालं, सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "महिना होत आला, मला झोप नाही लागली."